सहा शिंगांचा ससा

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही नियमाने चालत असे. म्हणून तिथे पाणी मिळायला वेळ लागत असे.

नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट एका सशाची, एका खवल्या मांजराची आणि न पुसलेल्या एका पानाची आहे.

वैशाख होता. ओढा आटला होता. जंगलात एकच पाणवठा उरला होता आणि त्याला बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. कुंपणाला एक दार होतं. दारात एक तरस बसायचा.

पूर्वी तरस आलेल्या जनावराकडे नुसतं बघायचा. हरीण दिसलं की म्हणायचा, "हरीण आहे, जाऊ दे." आणि हरीण आत जायचं. पण एकदा प्रधान सांबर शेजारच्या जंगलाचा दौरा करून आले आणि म्हणाले, "नुसत्या बघण्यात चूक होऊ शकते. बाहेरचं कुणीतरी येऊन आपलं पाणी पिऊन जाईल. आपल्याला यंत्र हवं."

मग यंत्र आलं. यंत्र मुंग्यांचं होतं.

आता मुंग्यांना आपली भाषा कळत नाही. त्यांना दोनच गोष्टी कळतात. टिक् आणि गप्प. या दोन गोष्टींवर त्या वाटेल ते काम करतात, पण सांगायचं ते टिक् आणि गप्पमध्येच सांगावं लागतं. म्हणून मधे एक जाडजूड पोथी होती. हुकूम जंगलाच्या भाषेत द्यायचा, पोथीत बघायचं, आणि त्याचं टिक्-गप्प करायचं. मोठी माणसं अशा पोथीला कंपायलर म्हणतात, आणि ते म्हणताना चेहरा गंभीर करतात.

पोथी वाचायला भृंगराज पक्षी होता. हा पक्षी कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. अर्थाशी त्याचं काही देणंघेणं नसे. त्याची नेमणूक हुबेहूबपणासाठी झाली होती.

यंत्र चालायचं ते असं. उंबराखालच्या सपाट खडकावर मुंग्या पानं मांडायच्या. लग्नात पंगतीला मांडतात तशी, एका ओळीत. एका जनावराची एक पंगत. आठ प्रश्न, आठ पानं. पहिल्या पानावर शिंगं जितकी तितके दाणे. दुसऱ्यावर पाय. मग शेपूट, डोळे, कान, दात, पिलं आणि शेवटच्या पानावर राजाशी नातं. ज्याच्याकडे जे नाही, त्याने त्या प्रश्नाला गप्प बसायचं. मग आठ भोई मुंग्या ती आठ पानं एकदम उचलून तरसाकडे न्यायच्या. तरस दाणे मोजायचा आणि समोरचं जनावर दाण्यांशी जुळतं का ते बघायचा. जुळलं तर आत. नाही जुळलं तर जनावर चुकीचं.

काम झालं की ती पंगत उठायची आणि त्याच पानांवर पुढच्याची पंगत बसायची.

त्या जंगलात भिवा नावाचा एक म्हातारा ससा होता. बाकीचे ससे पाण्यासाठी डोंगरापलीकडे निघून गेले होते. भिवाच्या मागच्या पायात जुनं दुखणं होतं, त्यामुळे तो राहिला होता. नियमाप्रमाणे सशांचा नंबर गव्यांच्या मागे. गवा पाणी पिऊन गेला, भिवा पुढे आला. मुंग्यांनी पानं आणली. तरसाने दाणे मोजले.

"शिंगं दोन," तरस म्हणाला.

"कुणाला?" भिवाने मागे वळून पाहिलं.

"तुला."

"मला कुठली शिंगं?"

"पानावर आहेत."

"डोक्यावर नाहीत ना पण."

"म्हणून तर सोडता येत नाही. असती तर सोडलं असतं." तरस हसला. तो कशालाही हसायचा, त्यामुळे त्याच्याशी भांडताना आपणच चुकतोय असं वाटायचं.

मुलांनो, आपल्याकडच्या पंडितांना अशक्य गोष्टीचं उदाहरण द्यायचं असलं, की ते हजारो वर्षं सशाच्या शिंगाचं उदाहरण देत आले आहेत. त्या पंडितांना फार मागे टाकून हे यंत्र पुढे गेलं होतं.

एका जनावराची पंगत दिवसातून एकदाच बसे. भिवा दुसऱ्या दिवशी पुन्हा गव्याच्या मागे उभा राहिला. पुन्हा दोन शिंगं निघाली. तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन बसला, कारण तिथली वाळू जरा गार होती. गवताच्या मुळ्या उकरून तो चघळत राहिला.

तिथे त्याला खवली भेटली.

खवली ही तरुण खवल्या मांजर. सात समुद्रांपलीकडच्या जंगलात शिकून ती नुकतीच परतली होती. ती परत आली याचं सगळ्यांना कौतुक होतं आणि ती परत का आली हे कुणालाच कळलं नव्हतं. खवल्या मांजरं मुंग्या खातात. खवलीने तिकडे मुंग्या सोडल्या होत्या. तत्त्व म्हणून ती आता फक्त वाळवी खायची, आणि वाळवी खाताना आपण मुंग्या खात नाही हे समोरच्याला सांगायची.

"भिवाकाका, यात तुमची काही चूक नाही," सगळं ऐकून ती म्हणाली. "यंत्राची आहे. मी उद्यापर्यंत शोधून काढते."

"चूक राहू दे ताई," भिवा म्हणाला. "पाणी मिळेल का?"

"चूक सापडली की पाणी मिळेलच. तुम्हालाच नाही, सगळ्यांना."

भिवाला सगळ्यांना मिळायची घाई नव्हती. पण शिकलेल्या मुलीचं मन मोडू नये म्हणून त्याने मान डोलावली.

खवली दिवसभर पोथीत डोकं घालून बसली. भृंगराज पानं उलटून देत होता. संध्याकाळ व्हायच्या आत तिला चूक सापडली, आणि चूक पाहून तिला इतका आनंद झाला की ती तीन वेळा गोल गुंडाळली गेली.

पंगत उठवायचं एक कलम होतं. त्यात लिहिलं होतं : उठणाऱ्याने सरळ उठावे, पाने पुसायचे काम पुढे बसणाऱ्याचे.

पंगत बसवायचं एक कलम होतं. त्यात लिहिलं होतं : बसणाऱ्याने सरळ बसावे, पाने पुसायचे काम मागच्या उठणाऱ्याने केलेच असेल.

"म्हणजे कुणीच पुसत नाही," खवली म्हणाली. "गवा उठतो, त्याचे शिंगांचे दोन दाणे पानावर तसेच राहतात. पायांसारखं उत्तर असलं की जुने दाणे सारून नवे ठेवतात. पण भिवाकाका शिंगांच्या प्रश्नाला गप्प बसतात. गप्प म्हणजे दाणा ठेवायचा नाही. पण आधीचा उचलायचा असंही कुठे लिहिलेलं नाही. भोई बिचारे गव्याचं उष्टं घेऊन जातात."

"असं लिहिलंय खरं," भृंगराज म्हणाला.

"तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

"माझ्या लक्षात यायचं काम नाही. मी वाचतो."

"लग्नात दुसरी पंगत बसायच्या आधी काय करतात, सांगा बरं."

"उष्टं काढतात. जमिनीवर शेणाचा हात फिरवतात."

"मग तेवढंच लिहायचं. एक ओळ." आणि तिने दोन्ही कलमांच्या मधे लिहिलं : बसण्याआधी उष्टे काढून प्रत्येक पान पुसावे.

एका ओळीने जंगल सुधारतं, असं तिला त्या संध्याकाळी वाटलं. त्या वयात वाटतं. वाटलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जंगल उंबराखाली जमलं. प्रधान सांबर जातीने आले. त्यांच्या शेजारी सल्लागार कोल्हा होता. खवलीने तिकडच्या जंगलाबद्दल थोडं सांगितलं.

"तिकडे प्रत्येक पंगतीआधी पान पुसतात. राजाचं असो की उंदराचं."

"तिकडे पाणी किती असतं?" तरसाने विचारलं.

"भरपूर."

"मग पुसत असतील," तरस म्हणाला, आणि हसला.

"आणि एक शंका," कोल्हा नम्रपणे म्हणाला. "बाळ, तू घराण्याने मुंग्या खाणारी. मुंग्यांच्या यंत्रात हात घालायला तुला द्यावं का, असं लोक विचारतात. मी नाही विचारत. लोक."

"मी मुंग्या सोडल्या आहेत."

"तेच. आमच्या मुंग्या तुला चालत नाहीत, असंही लोक म्हणतात."

कोल्हा का बोलत होता ते सांगतो. वाघोबा महाराज पाण्याला आले की आठव्या पानावर, राजाशी नात्याच्या पानावर, एक लाल गुंज ठेवायचे. गुंज म्हणजे मीच राजा. महाराज उठले की कोल्हा लगेच त्यांच्याच जागी पंगतीला बसायचा आणि आठव्या प्रश्नाला गप्प राहायचा. पान न पुसलेलं. गुंज तिथेच. त्यामुळे दोन वर्षं कोल्हा साक्षात राजा म्हणून पाणी पीत होता. तरस दाण्यांशी जनावर जुळवून बघायचा हे खरं, पण राजाशी जुळवून बघायला तो वर मान करत नसे.

"सुरू करा," प्रधान म्हणाले. "पण पहिली पंगत माझी."

प्रधान पंगतीला बसले. ते बघायला तिथेच बसून राहिले, उठले नाहीत, म्हणून भिवाची पंगत त्यांच्या पानांच्या मागे बसली. मुंग्यांनी प्रत्येक पान चकचकीत पुसलं. सगळे बघत राहिले. इतकी स्वच्छ पंगत त्या खडकावर कधी बसली नव्हती. भोयांनी भिवाची पानं उचलली आणि तरसापुढे ठेवली.

तरसाने मोजलं. मग पुन्हा मोजलं. पहिल्यांदाच तो हसला नाही.

"शिंगं सहा," तो म्हणाला. "पाय शून्य. शेपट्या चार. डोळा एक. कान दोन. दात दोन. पिलं अठ्ठावीस."



"अठ्ठावीस नाहीत, ताई," भिवा हळूच म्हणाला.

"आधी दोन शिंगं होती," कोल्हा म्हणाला. "आता सहा झाली. पाय गेले. ही सुधारणा."

खवली खडकाकडे बघत उभी राहिली. तिच्या अंगावरचा एकेक खवला ताठ झाला होता.

प्रधानांनी तिथेच सभा घेतली. सभा फार वेळ चालली नाही, कारण उन्हं चढत होती आणि सभासदांचं पाणी पिऊन झालं होतं. नवी ओळ पोथीतून खोडावी असं ठरलं. मग भिवाचं काय करायचं हा प्रश्न आला.

"एक लक्षात घ्या," कोल्हा म्हणाला. "पोथी दुरुस्त केली तर सगळं जंगल हलतं. ससा दुरुस्त केला तर फक्त ससा हलतो. जुन्या पोथीप्रमाणे त्याला दोन शिंगं आहेत. आपण त्याला दोन शिंगं लावून देऊ. मग जनावर पानाशी जुळेल. कुणाचं नुकसान नाही."

"याला म्हणतात व्यवहार," प्रधान म्हणाले.

"ते उष्टं आहे, प्रधानजी," खवली म्हणाली. "गव्याचं उष्टं भिवाकाकांच्या डोक्यावर लावताय तुम्ही."

"उष्टं म्हणू नये, बाळ," कोल्हा म्हणाला. "त्याच पानांवर महाराजही बसतात. महाराजांचं राहिलं तर आम्ही त्याला प्रसाद म्हणतो."

सभा उठली. भिवाला घेऊन तरस बाभळीकडे गेला. खवली खडकावरच थांबली. भिवाने जाता जाता एकदा तिच्याकडे पाहिलं. ती पानं मोजत होती.

तीन तासांनी तिला दुसरी चूक सापडली.

खडकावर दर आठ पानांमागे एक पांढरा खडा ठेवलेला होता. भोई मुंग्या आंधळ्या होत्या. खडा पायाला लागला की तिथून पुढची आठ पानं उचलायची, एवढंच त्यांना शिकवलेलं. पंगत कुठून सुरू होते हे दाखवायला पोथीप्रमाणे एक काडी ठेवत, तिचं टोक पहिल्या पानाकडे. मोठी माणसं त्या काडीला पॉइंटर म्हणतात. काडी खड्यापाशी असली तर सगळं ठीक. पण काडी खड्याच्या पुढे सरकली, तर भोई काडीच्या दिशेने निघायचे आणि अलीकडच्या खड्याला पाय लागला की तिथेच वाकून उचलायला लागायचे.

आणि काडी सरकली होती. कारण प्रधानांची पंगत आठ पानांची नव्हती. नऊ पानांची होती. आपल्या शिंगांना सहा फाटे आहेत याची नोंद कुठेच होत नाही, हे प्रधानांना मागच्या वर्षी लागलं होतं. त्यांनी स्वतःपुरता एक नववा प्रश्न वाढवून घेतला होता. त्यामुळे त्यांच्या मागे बसणारा दहाव्या पानापासून बसायचा, आणि खडा होता नवव्यापाशी. भोयांनी प्रधानांचे सहा फाटे भिवाची शिंगं म्हणून उचलले. भिवाचं शिंगांचं रिकामं पान पायांच्या जागी गेलं. पाय शेपटीच्या जागी, शेपूट डोळ्याच्या, आणि दात पिलांच्या.

तिची पहिली ओळ बरोबरच होती. फक्त ती एकटी पुरेशी नव्हती. नऊ पानांनंतर सात पानं रिकामी सोडायची, म्हणजे पुढची पंगत सतराव्या पानावर, नेमकी खड्यापाशी बसेल. दुसरी एक ओळ. बस्स.

खवलीला हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण सकाळपासून ती थोडं शिकली होती. ती अंग पुसून प्रधानांच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"प्रधानजी, एक लहानशी गोष्ट. आपल्या पंगतीला खेटून ससा बसतो."

"खेटून म्हणजे?"

"मधे एका पानाचंही अंतर नाही."

प्रधानांनी मान वर केली. "हे कधीपासून?"

"यंत्र आल्यापासून. मला वाटतं, आपल्यानंतर सात पानं रिकामी सोडावीत. मानाची."

"सातच का? वाघोबांना किती आहेत?"

"एकही नाही."

प्रधानांनी शिंगं सावरली. त्यांना ते फार आवडलं होतं. "नऊ नाही का करता येणार?"

"सात शुभ असतात," खवली म्हणाली. असं कधी म्हणणार नाही अशी तिने तिकडे असताना शपथ घेतली होती.

"आणि ते पान पुसण्याचं?" प्रधान म्हणाले. "ते आम्ही खोडलं आहे."

"पुसणं नाही. आपण सकाळी ऐकलंत ना, तो प्रसाद आहे. महाराजांचा प्रसाद पानावर तसाच पडून राहतो, त्यावर कुणीही येऊन बसतं. तो आदराने उचलून बाजूला ठेवावा, एवढंच पोथीत लिहू."

कोल्हा शेजारीच बसला होता. त्याने तोंड उघडलं. पण प्रसाद आदराने उचलू नये असं कसं म्हणायचं, हे त्याला पटकन सुचलं नाही. त्याने तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी पोथीत दोन ओळी चढल्या. एक प्रसादाची, एक मानाच्या सात पानांची. भृंगराजाने दोन्हींचं हुबेहूब टिक्-गप्प केलं. खवली रात्री शांत झोपली.

आता तिकडे बाभळीखाली काय चाललं होतं ते ऐका.

तरसाने बाभळीचे दोन लांब काटे निवडले होते. धावड्याचा डिंक आणला होता. "हलू नकोस," तो भिवाला म्हणाला. "वाकडी बसली तर पानाशी जुळतील, पण बरी दिसणार नाहीत."

"पाणी पिऊन झालं की काढता येतील?"

"उद्या परत यायचंय ना तुला? मग कशाला काढतोस? पक्कीच बसवतो."

"भारदस्तपणा येतो हं शिंगांनी," जवळून जाणारा कोल्हा म्हणाला. "तुला बरी दिसतात."

डिंक वाळेपर्यंत भिवा मान ताठ धरून बसला. मान ताठ धरायला ताकद लागते. ती त्याच्यात फारशी उरली नव्हती. पण उद्या पाणी मिळणार होतं.

ही बातमी खवलीला कुणी सांगितली नाही. पोथीची बातमी तरसाला कुणी सांगितली नाही. पोथीचं खातं वेगळं होतं आणि सशांचं वेगळं.

सकाळी पहिली पंगत प्रधानांची बसली. त्यांच्यामागे सात पानं मोकळी चमकत होती. ती बघायला प्रधान दोनदा मागे वळले. मग सतराव्या पानापासून भिवाची पंगत बसली. काडी खड्यापाशी. पानं स्वच्छ. भोयांनी उचलली, तरसापुढे ठेवली.

"शिंगं शून्य," तरस म्हणाला. "पाय चार. शेपूट एक. डोळे दोन. कान दोन. दात अठ्ठावीस."

"बघा," खवली म्हणाली.  "एकही दाणा इकडचा तिकडे नाही. शून्य आलं. मी सांगत होते ना, शून्य येणार. भृंगराज, पुन्हा वाचायला सांगा. शिंगं किती?"

"शून्य," तरस पुन्हा म्हणाला. मग त्याने भिवाकडे पाहिलं. "पण तुला दोन आहेत."

भिवा दारात उभा होता. डोक्यावर दोन काटे, पक्के, जरा तिरपे.  जीभ टाळूला चिकटली होती.

"काल दोन हवी होती म्हणून लावली," तरस म्हणाला. "आज शून्य हवी आहेत. माझ्याकडे पान येतं तसं मी बघतो. जुळत नाही. उद्या ये." आणि तो हसला. पण वाईट वाटून हसला, हे मी खोटं सांगत नाही.

खवली अजून पानांकडेच बघत होती. इतकं बरोबर उत्तर तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते उत्तर ज्याचं होतं तो दारातून वळला, लंगडत ओढ्याकडे गेला आणि वाळूत आडवा झाला, हे तिला इतरांच्या नंतर दिसलं.

ती धावत गेली. भिवाचे डोळे अर्धे मिटले होते. काट्यांमुळे त्याला मान नीट टेकवता येत नव्हती.

"भिवाकाका, पोथी दुरुस्त झाली," ती म्हणाली. "पूर्ण दुरुस्त झाली."

भिवाने कान हलवला. ऐकू आलं एवढंच त्याने कळवलं.

मग मुलांनो, खवलीला काय करावं ते सुचेना. तिने शिकलेलं सगळं वापरून झालं होतं. तिच्याजवळ न शिकलेलं एवढंच उरलं होतं की तिला नखं होती. खवल्या मांजराची नखं. तिने ती वाळूत घातली.

ती उकरत सुटली. आधी कोरडी वाळू, मग गार वाळू, मग ओली. हातभर खाली गेल्यावर खड्ड्याच्या तळाला काळपट चमक दिसली. ती थांबली. चमक हळूहळू पसरली आणि वर आली. आटलेल्या ओढ्याच्या पोटात असं पाणी असतं. त्याला झिरा म्हणतात. झिऱ्याला कुंपण नव्हतं, कारण तिथे पाणी आहे अशी नोंद नव्हती.

भिवाला तिने कडेला ओढलं. काटे आडवे येत होते, तोंड पाण्यापर्यंत पोचेना. तिने नखांनी एकेक काटा मुळाशी कडकन मोडला. भिवा प्यायला. थांबला, श्वास घेतला, पुन्हा प्यायला. बराच वेळ दुसरा काही आवाज नव्हता.

मग त्याने ओलं तोंड वर केलं.

"ताई, हे असं उकरणं तुम्हाला आधीपासून येत होतं?"

"जन्मापासून."

"मग त्या पहिल्या दिवशी आपण इथंच बसलो होतो की."

खवलीने झिऱ्यात पाहिलं.

"त्या दिवशी मी चूक शोधत होते," ती म्हणाली.

भिवाने पुन्हा पाण्याला तोंड लावलं. त्याला पुन्हा तहान लागली होती.

यंत्राचं पुढे काय झालं असं तुम्ही विचाराल. यंत्र उत्तम चाललं. त्यातून एकही चुकीचं पान पुन्हा निघालं नाही. कोल्हा कोल्हा निघाला, आणि महिनाभर आजारी पडला. पण प्रधानांना मानाची सात पानं आहेत हे बाकीच्यांना कळलं. अस्वलाने सात मागितली. रानडुकराने सात मागितली. चितळांच्या पुढाऱ्याने एकवीस मागितली आणि चौदावर तडजोड केली. वैशाख संपायच्या आत सगळा खडक स्वच्छ पुसलेल्या रिकाम्या पानांनी भरून गेला, आणि खरी पंगत बसवायला जागा राहिली नाही. खडक भरला तर काय करायचं हे पोथीत लिहिलेलं नव्हतं. प्रधानांनी खवलीला तातडीचा निरोप पाठवला.

भृंगराज निरोप घेऊन ओढ्यावर आला आणि प्रधानांच्या हुबेहूब आवाजात त्याने तो वाचला. खवली तेव्हा गळ्यापर्यंत वाळूत होती. चौथा झिरा चालला होता. कडेला दोन उंदीर, एक साळिंदर आणि शेकरू नंबर न लावता बसले होते.

"काय सांगू त्यांना?" भृंगराजाने विचारलं.

"सांगा, ऐकलं," खालून आवाज आला. मग मूठभर वाळू वर उडाली.

तात्पर्य : यंत्र कधीही चुकत नाही, चुकतो तो ससा. म्हणून शहाण्या सशाने यंत्र बिघडलेलं असताना पाण्याला जाऊ नये, आणि ते दुरुस्त झालं आहे असं ऐकलं तर त्या दिवशी तर मुळीच जाऊ नये. आणि मुलांनो, तुम्ही शिकून परत आलात आणि दारात कुणी तहानलेलं दिसलं, तर आधी सगळी पोथी नीट वाचून काढा. उकरणं काय, कुणालाही येतं.